टोनी क्रोस नेमका करायचा काय?

जून २०२४. युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा पहिला सामना, म्युनिकमध्ये, जर्मनी विरुद्ध स्कॉटलंड. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. शेजारी मावसभाऊ बसला होता. पक्का क्रिकेटवाला, फुटबॉल बघतो तो चार वर्षांतून एकदा. जर्मनीने पाच गोल चढवले. नंतर जर्मनीच्या टोनी क्रोसच्या नावापुढचा आकडा आला: १०२ पास, त्यातले १०१ बिनचूक सहकाऱ्याकडे पोचलेले. भावाने जांभई दिली. "पण हा होता कुठे? गोल नाही, धावपळ नाही, कुणाला चकवणं नाही. नुसतं ह्याच्याकडून घे आणि त्याला दे. एवढं तर मीपण करीन."

भावाला दोष देण्यात अर्थ नाही. खुद्द जर्मनीत क्रोसला 'क्वेरपास-टोनी' म्हणून चिडवायचे. क्वेरपास म्हणजे आडवा पास, जो पुढेही जात नाही आणि मागेही. बायर्न म्युनिक ह्या जर्मन क्लबचे माजी अध्यक्ष उली हॉनेस यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे सांगून टाकलं होतं की ह्याच्या तऱ्हेच्या खेळाचा जमाना गेला. त्यानंतर ह्या माणसाने आणखी दोनदा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. एकूण सहा वेळा.

म्हणून भावाला त्या रात्री जे अर्धवट झोपेत सांगितलं, ते इथे जरा नीट सांगतो. क्रोसची कारकीर्द समजून घ्यायची एक सोपी किल्ली आहे. तो मैदानात वर्षागणिक मागे सरकत गेला. सुरुवात केली प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ, संपवलं जवळपास स्वतःच्या बचावफळीत. आणि जितका मागे आला, तितका हाताला लागेनासा झाला.

आधी मिडफिल्डर ही भानगड काय ते बघू. पंगतीतला वाढपी डोळ्यासमोर आणा. कुणाच्या पानातला भात संपत आलाय, कुणाला आमटी नको आहे, कोण लाजून मागत नाहीये, हे त्याने मागणाऱ्याच्या आधी हेरायचं. जेवणारा तृप्त होतो, आचाऱ्याचं कौतुक होतं. वाढप्याची आठवण निघते ती आमटी कुणाच्या सदऱ्यावर सांडली तरच. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात खेळणाऱ्याचं असंच असतं. मागच्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांच्या पानात वाढायचा.

ह्या वाढप्यांतही प्रकार आहेत, आणि जर्मन लोक ते आकड्यांनी ओळखतात. 'त्सेनर', म्हणजे दहा नंबरवाला, स्ट्रायकरच्या लगेच मागे असतो. शेवटचा पास देणं आणि जमलं तर स्वतः गोल मारणं हे त्याचं काम. 'आख्टर', आठ नंबरवाला, दोन्ही टोकांमध्ये ये-जा करतो. 'झेक्सर', सहा नंबरवाला, बचावफळीच्या पुढ्यात उभा राहतो. हल्ला तिथून सुरू होतो आणि समोरच्याचा हल्ला तिथे अडवला जातो. हे आकडे जागेचे आहेत. पाठीवरच्या जर्सीचा नंबर तोच असेल असं नाही.

क्रोस जन्माने दहा नंबरवाला. जन्म ४ जानेवारी १९९० चा, ग्राइफ्सवाल्डचा. बाल्टिक समुद्राजवळचं हे छोटं शहर तेव्हा पूर्व जर्मनीत होतं. बर्लिनची भिंत पडून दोन महिने झाले होते, पण देश कागदोपत्री अजून शाबूत होता. तो ऑक्टोबरमध्ये संपला. त्यामुळे २०१४ मध्ये वर्ल्ड कप जिंकणाऱ्या जर्मन संघात पूर्व जर्मनीत जन्मलेला हा एकटाच. आई बिर्गिट पूर्व जर्मनीची बॅडमिंटन चॅम्पियन, वडील रोलांड फुटबॉलचे प्रशिक्षक. धाकटा भाऊ फेलिक्सही पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू झाला. घरात दुसरा विषय नसणार, हे उघड आहे.

वेळही नशिबाने बरी साधली. २००० च्या युरोमध्ये जर्मनीचं पार हसं झालं होतं: एक गुण घेऊन पहिल्याच फेरीत घरी. त्यानंतर तिथल्या फुटबॉल महासंघाने आणि क्लबांनी मुळापासून डागडुजी काढली. वरच्या दोन्ही विभागांतल्या प्रत्येक क्लबने मुलांसाठी अकादमी चालवायचीच, नाहीतर खेळायचा परवाना नाही, असा नियम आला. क्रोस त्या लाटेतला मुलगा. ग्राइफ्सवाल्डहून हान्सा रॉस्टॉक, आणि २००६ मध्ये, सोळाव्या वर्षी, बायर्न म्युनिक. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियात सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप झाला. जर्मनी तिसरी आली, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला क्रोस. त्याच सप्टेंबरमध्ये बायर्नच्या मोठ्या संघाकडून कॉटबुसविरुद्ध पहिल्यांदा उतरला. शेवटची अठराच मिनिटं मिळाली आणि तेवढ्यात मिरोस्लाव्ह क्लोजेच्या दोन गोलांना पास दिले.

आता कुणालाही वाटेल की पोराचं झालं. पण मोठ्या क्लबमध्ये अठरा वर्षांच्या मुलाचं बहुतेकदा बाकावर बसून लोणचं होतं. त्यावर युरोपात एक उपाय आहे: 'लोन'. खेळाडू मूळ क्लबच्या मालकीचा राहतो, पण ठरावीक काळ दुसऱ्या संघाकडून खेळतो. क्रोस २००९ च्या जानेवारीत लेव्हरकुसेन ह्या दुसऱ्या जर्मन क्लबला गेला. पुढच्या हंगामात तिथे प्रशिक्षक म्हणून युप हाइन्केस आले आणि त्यांनी त्याला भरपूर खेळवलं. त्या एका हंगामात लीगमध्ये ९ गोल. गंमत म्हणजे गोल मारण्यात हाच त्याचा सर्वांत फलदायी काळ. पुढे स्पेनच्या रेआल माद्रिदकडून ४६५ सामने खेळला, गोल फक्त २८.

२०१० मध्ये तो बायर्नला परतला. त्यानंतरची चार वर्षं त्याच्या कीर्तीला साजेशी नव्हती, असं माझं मत. खेळ वाईट नव्हता. पण तो सतत चुकीच्या खोलीत ठेवलेल्या कपाटासारखा वाटायचा. दहा नंबरच्या जागेवर स्फोट लागतो, चारदोन पावलांत समोरच्याला मागे टाकणारा वेग लागतो. तो क्रोसकडे कधीच नव्हता. २०१२ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना बायर्नच्याच स्टेडियमवर होता, चेल्सीविरुद्ध. बायर्न तो पेनल्टी शूटआऊटमध्ये हरलं. बायर्नकडून तिसरी पेनल्टी चक्क गोलकीपर नॉयरने घेतली. पेनल्टी घेणाऱ्या पाचांत क्रोस नव्हता, आणि हे त्याला बरीच वर्षं ऐकावं लागलं.

त्याच उन्हाळ्यात वॉर्सामध्ये युरोची उपांत्य फेरी, समोर इटली. जर्मन प्रशिक्षक योआखिम लोव्ह यांनी क्रोसला एक खास काम दिलं: इटलीच्या आंद्रेया पिर्लोला मोकळं सोडायचं नाही. पिर्लो म्हणजे बचावफळीच्या पुढे उभा राहून, घाम न गाळता, सगळी मॅच चालवणारा माणूस. बेत फसला. बालोतेलीने दोन गोल मारले आणि जर्मनी घरी गेली. मला तो सामना आज वेगळाच दिसतो. ज्याच्यावर पाळत ठेवायला धाडलं, त्याचंच काम पुढे क्रोसने उचललं.

मागे सरकणं खऱ्या अर्थाने सुरू झालं २०१३ मध्ये, पेप ग्वार्दिओला बायर्नला आल्यावर. बॉल आपल्याकडेच ठेवायचा ह्या तत्त्वावर त्यांचं सगळं उभं, त्यामुळे बॉल न गमावणारा माणूस त्यांना खोलवर, मध्यात हवा होता. क्रोस तिथे बसला तो बसलाच.

आणि नेमकं तेव्हाच पैशांवरून बिनसलं. इथे युरोपातला करारांचा हिशोब कळायला हवा. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने जाँ-मार्क बॉसमन ह्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात निकाल दिला: करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबने नव्या क्लबकडून दमडी मागायची नाही. त्यामुळे कराराचं शेवटचं वर्ष उरलं की क्लबची अवस्था बाजार उठताना कोथिंबीर विकायला बसलेल्या बाईसारखी होते. आत्ता मिळेल त्या भावाला द्या, नाहीतर उद्या फुकट. क्रोसचा करार २०१५ पर्यंत होता, पगारावर एकमत होईना, आणि २०१४ च्या जुलैमध्ये बायर्नने त्याला रेआल माद्रिदला विकलं. बातम्यांनुसार रक्कम अडीच कोटी युरोच्या आसपास. त्याच उन्हाळ्यात त्याच क्लबने हामेस रोड्रिगेससाठी ह्याच्या साधारण तिप्पट मोजले. सहा वर्षांनी हामेस माद्रिदहून गेला. क्रोस दहा वर्षं राहिला.

पण विक्रीच्या आधी वर्ल्ड कप झाला होता. बेलो होरिझोन्ते, उपांत्य फेरी, ब्राझील विरुद्ध जर्मनी, आपल्याकडे पहाटे दीड वाजता. डोळे उघडे राहावेत म्हणून मी चहा टाकायला उठलो. तेव्हा १-० होतं, क्रोसच्या कॉर्नरवर म्युलरने मारलेला. चहा गाळून आलो तर आकडा बघून वाटलं टीव्ही बिघडला. २३ व्या मिनिटाला क्लोजे, २४ व्या आणि २६ व्या मिनिटाला क्रोस, २९ व्याला खेदिरा. क्रोसचे दोन गोल ६९ सेकंदांत, पहिला डाव्या पायाने. दुसऱ्याच्या वेळी त्याने ब्राझीलच्या फर्नांडिनोच्या पायातून बॉल काढला, खेदिराला दिला, परत घेतला आणि आत ढकलला. ७-१. पाच दिवसांनी माराकानावरच्या अंतिम सामन्यात मात्र ह्याच क्रोसने डोक्याने बॉल मागे द्यायला जाऊन थेट अर्जेंटिनाच्या हिग्वेनच्या पुढ्यात टाकला. समोर फक्त नॉयर. हिग्वेनने बाहेर मारला. हिग्वेन चुकला नसता तर आज क्रोसबद्दल वेगळाच लेख लिहिला गेला असता.

माद्रिदला पोचतो तोच तिथला झेक्सर, शाबी आलोन्सो, ऑगस्टअखेर बायर्नला निघून गेला. एक प्रकारे अदलाबदलच. प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्तींनी ती जागा क्रोसला दिली, पण बचावफळीसमोर एकट्याने राखण करणं त्याला जड गेलं. समोरचा सुसाट निघाला की क्रोस त्याला पळून गाठू शकत नाही, आणि अंगाला भिडून बॉल हिसकावणं हा त्याचा पिंड नाही. २०१६ च्या जानेवारीत झिनेदिन झिदान प्रशिक्षक झाले. त्यांनी राखणदारीला कासेमिरोला बसवलं, उजवीकडे लुका मॉड्रिच, डावीकडे क्रोस. पुढच्या तीन चॅम्पियन्स लीग सलग माद्रिदच्या: २०१६ मिलान, २०१७ कार्डिफ, २०१८ कीव्ह.

ही डावीकडची जागा जरा जवळून बघण्यासारखी आहे. कागदावर क्रोस आख्टर. प्रत्यक्षात बॉल माद्रिदकडे आला की तो चालत, हो, चालतच, मागे डावीकडे यायचा. सेंटरबॅक, म्हणजे मधला बचावपटू, रामोस आणि लेफ्टबॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, मार्सेलो ह्यांच्या मधल्या फटीत. त्याने तीन गोष्टी साधायच्या. एक तर मार्सेलोला बिनधास्त पुढे जाता यायचं, कारण मागची जागा भरलेली. दुसरं, तिथे क्रोसच्या पाठीशी प्रतिस्पर्धी उरत नाही. सगळं मैदान समोर, देवळाच्या पायरीवर बसून बाजार बघावा तसं. तिसरं म्हणजे तो मूळचा उजव्या पायाचा. उजव्या पायाचा माणूस डाव्या कडेला उभा राहिला की अंग आपोआप मैदानाकडे उघडं राहतं, आणि पलीकडच्या कडेला मोकळ्या असलेल्या कार्वाहालकडे चाळीस मीटरचा तिरका बॉल सहज निघतो.

समोरच्याची पंचाईत अशी, की क्रोसला अडवायला कुणी पुढे पाठवावा, तर त्याने सोडलेल्या जागेत मॉड्रिच किंवा स्ट्रायकर बेन्झेमा मोकळा. नाही पाठवावा, तर क्रोस आरामात हवा तो पास निवडणार.

आता भावाच्या मुद्द्याकडे. "घे आणि दे" ह्यात अवघड काय? अवघड ते बॉल येण्याआधीच संपलेलं असतं. बॉल वाटेत असताना क्रोस दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचा. कोण कुठे आहे हे माहीत असल्यामुळे पहिला स्पर्शच असा, की बॉल दाबाच्या उलट्या बाजूला सरकायचा. मग पास. तोही नुसता सहकाऱ्याकडे नाही, त्याच्या ठरावीक पायावर. मागून कुणी चिकटलं असेल तर त्याच्यापासून लांबच्या पायावर, म्हणजे अंग मध्ये घालून बॉल राखता येतो. वळायला जागा असेल तर पुढच्या पायावर, म्हणजे न थांबता वळता येतं. पास घेणाऱ्याला मान वर करून बघावंसुद्धा लागत नाही, पासच सांगतो, "वळ, मागे कुणी नाही." रस्ता ओलांडताना आजोबा नातवाचा हात किंचित दाबून सांगतात ना, तसं.

ह्याचा नमुना बघायचा तर ३० एप्रिल २०२४, म्युनिक, बायर्न विरुद्ध माद्रिद, २४ वं मिनिट. क्रोसच्या पायात बॉल. पुढे माद्रिदचा व्हिनिसियस बॉल मागायला मागे येतो, आणि त्याच्या मागोमाग बायर्नचा सेंटरबॅक किम मिन-जे ओढला जातो. क्रोस हात पुढे करून रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो: इथे नको येऊस, तिकडे पळ. व्हिनिसियस गर्रकन वळतो, किम उलट्या पावलावर सापडतो, आणि बॉल दोन बचावपटूंच्या मधून त्या जागेत पोचलेला असतो. गोल. क्रोस त्या सगळ्यात धावलाच नाही.

अशा पासची किंमत साध्या टक्केवारीत दिसत नाही. ९५ टक्के पास बरोबर, हे तर शेजारच्याला बॉल देत राहिलं तरी जमतं. टोमणा मारणाऱ्यांचं तेवढं बरोबरच आहे. म्हणून जर्मनीत एक वेगळी मोजणी निघाली, 'पॅकिंग'. एका पासमुळे प्रतिस्पर्ध्याचे किती खेळाडू बॉलच्या मागे पडले, ते मोजायचं. शेजारच्याला दिला: शून्य. चार जणांच्या मधून काढला: चार. ही कल्पना श्टेफान राइनार्ट्झ आणि येन्स हेगेलर ह्या दोन फुटबॉलपटूंची, आणि त्यातला राइनार्ट्झ हा क्रोसचा लेव्हरकुसेनमधला सहकारी. मग क्रोसच्या आडव्या पासांचं काय? ते गाठ न मारलेल्या धाग्यासारखे सैल वाटतात, पण बॉल डावीउजवीकडे फिरला की समोरच्या अकरा जणांनाही सरकावं लागतं. दहादा सरकताना एकदा कुणीतरी अर्धं पाऊल उशीर करतो. क्रोस त्या अर्ध्या पावलाची वाट बघत असायचा.

तो चुकायचाही, आणि वाढप्याप्रमाणे ठळक चुकायचा. २३ जून २०१८, सोची, वर्ल्ड कप, स्वीडन. त्याचा एक सैल पास स्वीडनने उचलला आणि तोइव्होनेनने गोल केला. पुढे बोआटेंग लाल कार्ड घेऊन गेला, जर्मनी दहा जणांवर, १-१, वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईचं पाचवं मिनिट. डावीकडे, जेमतेम कोन असलेल्या जागी फ्री किक. त्याने बॉल रॉइसकडे हळूच सरकवला, रॉइसने थांबवला, आणि क्रोसने तो लांबच्या कोपऱ्यात वळवून घातला. चार दिवसांनी कोरियाने जर्मनीला हरवून बाहेर काढलंच, पण तो गोल आठवतो.

२०२१ च्या युरोनंतर त्याने राष्ट्रीय संघ सोडला. २०२४ मध्ये मायदेशात युरो होणार म्हणून प्रशिक्षक युलियान नागेल्समान यांनी गळ घातली आणि तो परतला. मार्चमध्ये लियोंला फ्रान्सविरुद्ध पहिली मॅच. सुरुवातीच्या किकवरच बॉल मागे क्रोसकडे आला, त्याने लांबवर फ्लोरियान व्हिर्ट्झला दिला आणि व्हिर्ट्झने लांबूनच जाळ्यात मारला. आठ सेकंदही झाले नव्हते. मे महिन्यात त्याने जाहीर केलं की युरोनंतर सगळंच थांबवतो. वय ३४, अंगात अजून दोनतीन हंगाम सहज होते. पायात तेच जुन्या मॉडेलचे पांढरे बूट; आदिदासने ते दुकानातून कधीच काढून टाकलेले, पण ह्याच्यापुरते बनवत राहिले.

१ जूनला वेम्बलीवर जर्मनीच्या डॉर्टमुंडविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. ७४ व्या मिनिटाला क्रोसचा कॉर्नर, आणि उंच उंच जर्मनांच्या गर्दीतून बुटक्या कार्वाहालचं हेडर. २-० ने जिंकले. शेवटी त्याला बाहेर बोलावलं तेव्हा त्याच्या जागी आत आला मॉड्रिच.

५ जुलैला श्टुटगार्टमध्ये युरोची उपांत्यपूर्व फेरी, स्पेनविरुद्ध. ही मॅच आपल्या साडेनऊला होती, त्यामुळे ताटं घेऊनच बसलो. सुरुवातीलाच क्रोसने स्पेनच्या पेड्रीला असा काही पाडला की तो पोरगा मॅचबाहेर गेला. कार्ड निघालं नाही, पण निघायला हवं होतं. नंतर त्याने पेड्रीची माफी मागितली. मी भावाला म्हटलं, पाच मिनिटं बॉलकडे बघू नकोस, फक्त आठ नंबरच्या जर्सीकडे, म्हणजे क्रोसकडे बघ आणि तो मान किती वेळा वळवतो ते मोज. भाऊ बोटांवर मोजायला लागला. मध्ये आत्याने पोळी वाढली आणि हिशोब चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून. ८९ व्या मिनिटाला व्हिर्ट्झने बरोबरी केली तेव्हा मी ओरडलो आणि भाऊ माझ्यावर डाफरला, "थांब रे, मोजतोय." जादा वेळेत, ११९ व्या मिनिटाला, मेरिनोने डोक्याने गोल करून जर्मनीला बाहेर काढलं. क्रोस अजून मैदानातच होता. हात कमरेवर, आणि मान वळवून मागे बघत.